पसरा आणि दुकान

पाठाची ओळख

जमिनीवर माल मांडून बसलेल्या स्त्रिया तुम्ही आठवडी बाजारात, मंदिराच्या वाटेवर किंवा चौकाच्या कडेला नेहमी पाहता. त्यांच्याकडून तुम्ही भाजी, फुले, पणत्या विकत घेता. भावावरून थोडी घासाघीसही करता. परंतु त्या स्त्रीने सकाळी माल कोणत्या पैशाने आणला, ती बसली आहे ती जागा कोणाची आणि संध्याकाळी उरलेली रक्कम कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात सहसा येत नाहीत. प्रस्तुत पाठात रायपूरच्या गोल बाजारापासून सुरुवात करून या प्रश्नांचा विचार केला आहे. पाठ वाचताना 'काम करणे' आणि 'उद्योग करणे' या दोन शब्दप्रयोगांतील फरकाकडे विशेष लक्ष द्या.

गोल बाजारातील पसरा

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. कारभाराच्या, शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने येथे आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रायपूरकर झाली आहेत.

शहराच्या मध्यभागी, मालवीय रस्त्याला लागून गोल बाजार आहे. तो रायपूरच्या जुन्या बाजारांपैकी एक. जन्मापासून मरणापर्यंत लागणारे सर्व सामान येथे मिळते, असे लोक म्हणतात. मसाले, भांडी, पूजासाहित्य, लग्नाचे सामान, जडीबुटी अशा दुकानांच्या ओळी आणि त्यांमधून निघालेल्या अरुंद वाटा, असे या बाजाराचे रूप आहे. परंतु सणावारी बाजाराला खरा रंग चढतो तो दुकानांमुळे नव्हे, तर वाटेच्या कडेला जमिनीवर मांडलेल्या मालामुळे. अक्षय्य तृतीयेला छत्तीसगडात 'अक्ती' म्हणतात. त्या दिवशी मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. ते 'पुतरा-पुतरी' येथे विकायला येतात. पोळ्याला, म्हणजे तिथल्या 'पोरा' सणाला, मातीचे बैल आणि मातीचीच चिमुकली जाती-चुली येतात. दिवाळीत पणत्यांबरोबर भाताच्या लोंब्या विणून केलेल्या झालरी येतात. त्या दाराला टांगतात. पाखरांनी येऊन दाणे टिपावेत अशी त्यामागची भावना.

जमिनीवर मांडलेल्या अशा मालाला छत्तीसगडी भाषेत 'पसरा' म्हणतात. मराठीतील 'पसरणे' आणि 'पसारा' हे शब्द येथे सहज आठवतील. आपल्याकडे यालाच पथारी म्हणतात. पसरा मांडणारी बहुतेक वेळा स्त्री असते. भाजी पिकवणाऱ्या मरार समाजातील विक्रेती ती 'मरारिन'. मुरमुरे, फुटाणे किंवा मासळी विकणारी 'केंवटिन'. भाषेने या व्यवसायांची नावेच स्त्रीलिंगी करून ठेवली आहेत. 'मरारिन आली' असे म्हटले की डोक्यावर टोपली घेतलेली बाई डोळ्यांसमोर उभी राहते. आता दुकानांच्या पाट्यांकडे पाहावे. कोणत्याही जुन्या बाजारात 'अमुक अँड सन्स', 'तमुक ब्रदर्स' अशा पाट्या हव्या तेवढ्या दिसतात. 'अँड डॉटर्स' अशी पाटी शोधायला निघालेल्या माणसाला बरेच चालावे लागेल!

पसरा आणि दुकान यांच्यात अंतर आहे ते फार तर चार पावलांचे. ते ओलांडायला एखाद्या स्त्रीचा सारा जन्म का पुरत नाही, हा या पाठाचा विषय आहे.

एका दिवसाचा हिशेब

भाजीच्या पसऱ्याचा व्यवहार वरवर पाहता सोपा वाटतो. पहाटे ठोक बाजारातून माल उचलायचा, दिवसभर बसायचे, विकायचे. प्रत्यक्षात त्यात बरेच डोके लागते. लाल भाजी दुपारपर्यंत मलूल होते, म्हणून ती आधी संपवावी लागते. कांदा-बटाटा उद्यावर ढकलता येतो. सकाळचा भाव दुपारी टिकत नाही. संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास उरलेला माल कमी भावाने द्यावा, की घरी नेऊन वाळवावा, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. कोणते गिऱ्हाईक उधारी बुडवणार नाही याचीही पारख हवी. हे सारे निर्णय व्यापाऱ्याचेच निर्णय आहेत. मोठ्या पेढीवर घेतले, तर त्यांना 'व्यवस्थापन' म्हणतात.

सकाळच्या मालासाठी पैसा कोठून येतो? पुष्कळ वेळा तो त्या दिवसापुरता उसना घेतलेला असतो. समजा, एखाद्या विक्रेतीने सकाळी १,००० रुपये घेतले आणि संध्याकाळी १,०५० रुपये परत केले. दिवसाला ५० रुपये ही रक्कम मोठी वाटत नाही. पण वर्षातून ३०० दिवस असाच व्यवहार झाला, तर तिने केवळ व्याजापोटी १५,००० रुपये दिले आणि वर्षाच्या शेवटी मूळचे १,००० रुपये तिचे झालेच नाहीत! दुसऱ्या दिवशी पहाटे तिला पुन्हा हात पसरावाच लागेल. याउलट दरसाल १२ टक्के व्याजाने बँकेचे १०,००० रुपये कर्ज घेऊन बारा समान मासिक हप्त्यांत फेडले, तर वर्षभराचे एकूण व्याज ७०० रुपयांच्या आत राहते. भांडवल दहापट, व्याज मात्र विसाव्या हिश्शाहून कमी. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. हिशेब स्वतः कागदावर मांडून पाहा.)

म्हणजे कष्टात, हुशारीत किंवा व्यवहारज्ञानात ती कोठेही कमी नाही. तिच्या धंद्याची मिळकत भांडवलाच्या वाटेने गळून जाते.

पाठगत प्रश्न

(अ) 'पसरा' या शब्दाशी नाते सांगणारे मराठी शब्द कोणते?
(आ) वरील उदाहरणातील विक्रेतीने वर्षभर व्याज देऊनही तिचे भांडवल का तयार झाले नाही?

मोजणी कोणाची होते?

एखाद्या देशात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे शेकडा प्रमाण किती, हे दाखवणाऱ्या आकड्याला 'श्रमशक्ती सहभाग दर' म्हणतात. भारतात पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा हा दर सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के नोंदवला गेला. छत्तीसगडच्या ग्रामीण भागात हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच वर असते. भाताच्या शेतीत रोवणी, निंदणी, कापणी ही कामे स्त्रियांच्याच हातची असल्यामुळे त्यात नवल नाही.

वाढलेला आकडा पाहून आनंद वाटतो. पण त्याच्या आत डोकावले पाहिजे. या गणनेत पगारी शिक्षिका येते, पसरा मांडणारी येते आणि घरच्या शेतात किंवा घरच्या दुकानात एक पैसाही न घेता राबणारी 'मदतनीस' स्त्रीही येते. अलीकडच्या काळात झालेल्या वाढीचा मोठा भाग स्वतःचे लहानसे काम करणाऱ्या आणि अशा बिनपगारी मदतनीस स्त्रियांचाच आहे. सहभागाच्या आकड्यावरून स्त्री कामात आहे एवढे समजते. कामाचा मोबदला कोणाच्या खिशात जातो, ते त्यावरून समजत नाही.

याच आकड्याची दुसरी बाजू पाहायची असेल, तर अरब देशांकडे वळावे लागेल. तेथील चित्र छत्तीसगडच्या जवळजवळ उलट आहे. अरब देशांत सरासरीने सुमारे पाचातील एकच स्त्री श्रमशक्तीत मोजली जाते; जगातील अन्य कोणत्याही प्रदेशाच्या मानाने हे प्रमाण फार कमी. जॉर्डनसारख्या देशात तर ते याहूनही खाली आहे. आणि तरीही यांतील अनेक देशांच्या विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक असते. शिक्षण आहे, पण काम नाही, अशी ही स्थिती. संपत्तीच्या बाबतीत पाहिले, तर इस्लामी कायद्याने विवाहित स्त्रीचे धन तिचे स्वतःचेच मानले आहे. पैगंबर महंमद यांच्या पत्नी खदीजा या मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी होत्या आणि त्यांचा माल उंटांच्या तांड्यांबरोबर दूरदेशी जात असे. म्हणजे मालकीची परंपरा आहे, परंतु बाजारात जाण्याची वाट अनेक पिढ्या अडलेली राहिली. काही ठिकाणी ती कायद्याने अडवली, काही ठिकाणी रूढीने. पुष्कळ ठिकाणी साधी वाहतुकीची सोय नव्हती, हेही कारण होते.

ही वाट मोकळी होताच काय घडते, याचे उदाहरण सौदी अरेबियात दिसले. तेथे एकेकाळी स्त्रियांचे अंतर्वस्त्र विकणाऱ्या दुकानांतही पुरुष विक्रेतेच असत. गिऱ्हाईक स्त्रियांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१२ पासून अशा दुकानांत स्त्री विक्रेत्या नेमणे बंधनकारक झाले. २०१८ मध्ये पुरुष पालकाच्या संमतीवाचून स्त्रीला स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्त्रियांना वाहन चालवण्याचा हक्क मिळाला. २०१७ च्या सुमारास विशीच्या आत असलेला सौदी स्त्रियांचा सहभाग २०२२ पर्यंत ३५ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पाच-सहा वर्षांत स्त्रिया बदलल्या नव्हत्या. बदलले ते नियम.

गोल बाजारातील स्त्रीला बाजारात येण्यापासून कोणी अडवलेले नाही. तिच्यापुढचा अडसर बाजारात पोहोचल्यावर सुरू होतो. त्याचे दोन भाग आहेत: भांडवल आणि जागा.

भांडवल: तीन अनुभव

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकट्याने राहत. त्यांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बाया हा गिरणधंद्याचा न दिसणारा आधार होता. कामगार पैसे महिन्याने देत. किराणा मात्र रोज लागे. मधल्या दिवसांसाठी वाणी आणि सावकार यांच्याकडे दागिने गहाण पडत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. एकट्या बाईला तारण नसल्यामुळे कर्ज मिळत नव्हते. गटातील बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडले. खाणावळ तीच, चूल तीच, स्वयंपाकही तोच. पण सावकाराकडे जाणारा पैसा घरात राहू लागला.

त्या आधी अहमदाबादमध्ये इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभी केली होती. कामगार संघटना म्हणून तिची नोंदणी करताना अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला की, या स्त्रियांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? आक्षेप ऐकायला तर्कशुद्ध होता. संघटना कोणाच्या विरुद्ध असण्यापेक्षा कोणासाठी आहे, हे पटवून देण्यात बराच काळ गेला. १९७४ मध्ये सुमारे ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचे भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक सुरू केली. सही न येणाऱ्या सभासदांची ओळख पटावी म्हणून पासबुकावर त्यांचे छायाचित्र लावण्याची युक्ती या बँकेने काढली.

तिसरा अनुभव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडचा. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांनी बँक काढण्याचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे दिलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींचे अंगठे उठलेले होते. त्या हिरमुसल्या, पण घरी बसल्या नाहीत. त्यांनी अक्षरओळखीचे वर्ग सुरू केले. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांला वाचता येत नव्हते हे खरे, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी ते यंत्राशिवाय करून दाखवावे. १९९७ मध्ये 'माणदेशी महिला सहकारी बँक' उभी राहिली. आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या या बँकेच्या सुरुवातीपासूनच्या गिऱ्हाईक. मुक्त विद्यालयाच्या अभ्यासार्थींनी हा प्रसंग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शिक्षण उशिरा सुरू झाले म्हणजे बुद्धीही उशिरा सुरू झाली, असे होत नाही.

छत्तीसगडमध्येही अशी उदाहरणे आहेत. राजनांदगाव जिल्ह्यातील फूलबासन बाई यादव यांनी गावातील काही स्त्रियांना घेऊन मूठ-मूठ तांदूळ आणि दोन-दोन रुपये साठवून बचतगट सुरू केला. त्यातून जिल्हाभर गट उभे राहिले. २०१२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी सुरू केलेल्या 'स्वनिधी' योजनेत तारणाशिवाय कर्ज देण्याची सोय झाली. आरंभी पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते आणि ते वेळेवर फेडणाऱ्यास पुढचे मोठे कर्ज मिळे. मघाच्या हिशेबातला १०,००० रुपयांचा आकडा म्हणूनच घेतला होता.

जागा: बसण्याचा हक्क

भांडवल मिळाले तरी बसायचे कोठे? अहमदाबादच्या माणेक चौकात भाजी विकणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी बसत. आजीची जागा आईला, आईची मुलीला. तरीही पोलिसांच्या लेखी त्या अतिक्रमण करणाऱ्याच होत्या. रोज दंड, रोज पळापळ. अखेर १९८० च्या दशकात 'सेवा' संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले.

जागेचा हक्क स्त्रियांकडे असला की बाजाराचे रूप कसे पालटते, हे इंफाळच्या 'इमा कैथेल'मध्ये दिसते. 'इमा' म्हणजे आई, 'कैथेल' म्हणजे बाजार. मणिपूरच्या राजधानीतील या बाजारात हजारो विक्रेत्या बसतात आणि गाळे चालवण्याचा हक्क परंपरेने विवाहित स्त्रियांनाच आहे. येथे पसरा आणि दुकान हा भेदच फारसा उरत नाही. ओट्यावर बसलेली बाई मालकीण असते, हे गिऱ्हाइकाला आणि पोलिसालाही ठाऊक असते. या बाजारातील स्त्रियांमध्ये एकजुटीची सवयही जुनी आहे. १९३९ मध्ये मणिपुरी स्त्रियांनी तांदळाच्या निर्यातीविरुद्ध जो लढा दिला, त्यात बाजारातील विक्रेत्या आघाडीवर होत्या.

भारताच्या इतर भागांत अशी परंपरा नाही. तेथे कायद्याचा आधार घ्यावा लागतो. पथविक्रेता (उपजीविकेचे संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याने पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना विक्री प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नये, असेही त्यात म्हटले आहे. प्रत्येक शहरात 'नगर पथविक्रेता समिती' असावी, तिच्यात किमान ४० टक्के सभासद खुद्द पथविक्रेते असावेत आणि त्या विक्रेता-सभासदांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे.

प्रमाणपत्रावर नाव कोणाचे, हा येथे कळीचा प्रश्न ठरतो. बाजारात रोज बसते बाई. पण सर्वेक्षणाचा कर्मचारी येतो तेव्हा पुढे होऊन नाव सांगतो नवरा किंवा मुलगा, असे घडू शकते. पुढे कर्ज, समितीचे मतदान, पर्यायी जागा हे सारे त्या कागदावरच्या नावाला मिळते. बाजारात बसण्याबद्दल पालिका जे रोजचे शुल्क घेते त्याला तिकडे 'बैठकी' म्हणतात. आपण भरलेल्या शुल्काची पावती मागून घेणे आणि जपून ठेवणे हेसुद्धा म्हणूनच धंद्याचे काम आहे. भाजीच्या जुडीइतकेच त्या कागदालाही मोल असते.

कायद्यातही काही दुवे सुटलेले आहेत. सर्वेक्षण पाच वर्षांतून निदान एकदा करायचे असते. वर्षभर एकाच जागी बसणारी विक्रेती त्यात येईल. परंतु दिवाळीच्या आठवड्यात भाताच्या झालरी घेऊन गोल बाजारात येणारी बाई एरवी आपल्या गावी असते. कर्मचारी यादी घेऊन बाजारातून फिरतो, त्या दिवशी ती बहुधा शेतात निंदणी करत असेल.

स्वाध्याय

१. 'स्त्रिया बदलल्या नव्हत्या; बदलले ते नियम.' हे विधान कोणत्या संदर्भात आले आहे ते स्पष्ट करा.

२. खाणावळवाल्या बाया आणि गोल बाजारातील विक्रेती यांच्या अडचणींत तुम्हांला कोणते साम्य दिसते? आठ ते दहा ओळींत लिहा.

३. म्हसवडच्या स्त्रिया रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांशी बोलत आहेत, अशी कल्पना करून तो प्रसंग संवादरूपाने लिहा.

४. 'हात पसरणे', 'अंगठा उठवणे', 'पळापळ होणे' यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या ओळखीच्या एखाद्या विक्रेतीशी बोलून तिच्या एका दिवसाचा जमाखर्च मांडा. त्यानंतर विक्री प्रमाणपत्र मिळावे यासाठी तिच्या नावाने नगर पथविक्रेता समितीला अर्ज लिहा आणि तो तिला वाचून दाखवा.